एजंटसमोरची दहा मिनिटं

मराठीत आपण हस्तलिखित घेऊन थेट प्रकाशकाकडे जातो. अमेरिकेत तसं नाही. तिथल्या मोठ्या प्रकाशनसंस्था बहुतेक वेळा एजंटमार्फत आलेलंच हस्तलिखित बघतात. म्हणून तिथल्या लेखक-परिषदांत एजंटांच्या भेटीच्या वेळा ठरवून दिलेल्या असतात. भेट फार तर दहा मिनिटांची. पाच वर्षं लिहिलेली कादंबरी एवढ्यात सांगायची कशी?

इथेच आपली गल्लत होते. आपण अख्खं कथानक सांगत सुटतो. पण त्या टेबलावर पुस्तक विकलं जात नाही. 'पानं पाठवा' म्हणायचं की नाही, एवढंच एजंट ठरवतो.

मग सांगायचं काय? आधी पुस्तकाचा प्रकार आणि शब्दसंख्या. नंतर माणूस कोण, त्याला काय हवंय आणि आड काय येतंय. 'ही तीन पिढ्यांची कथा आहे' म्हटलं तर काहीच कळत नाही. 'बापाची होडी गहाण आहे. ती सोडवायला मुलीला, वीस वर्षं अबोला धरलेल्या भावाकडे जावं लागतं' म्हटलं, की समोरचा विचारतो, 'मग?' तिथे थांबायचं. उरलेला वेळ त्याच्या प्रश्नांना द्यायचा.

कादंबरी मात्र पूर्ण लिहून झालेली हवी. पानं मागितली आणि ती तयार नसली, तर संधी गेलीच म्हणायची.

आणि एक. एजंटचं कमिशन साधारण 15 टक्के, तेही लेखकाला पैसे मिळाल्यावर. नुसतं वाचायचेच पैसे कोणी मागितले, तर आपण नमस्कार करून उठावं.