समुद्राकाठची चाके

ग्रीसच्या सायक्लेडिस द्वीपसमूहातील सिफ्नोस हे जेमतेम ७४ चौरस किलोमीटरचे बेट. सोन्या-चांदीच्या खाणींमुळे प्राचीन काळी ते इतके संपन्न होते, की इसवी सनपूर्व सहाव्या शतकात तेथील नागरिकांनी डेल्फीच्या पवित्र क्षेत्रात स्वतःचे संगमरवरी कोषागार उभारले. पुढे खाणी गेल्या, वैभव गेले. माती मात्र उरली आणि तिच्यावरच बेटाने अनेक पिढ्या पोट भरले.

या बेटावरील कुंभारांच्या कार्यशाळा वाथी, प्लातिस यालोस, खेरोनिसोस अशा खाडीकिनारी, अगदी वाळूला लागून आहेत. पर्यटकाला ही हौसेची जागा वाटते. मात्र पूर्वी, चाच्यांच्या भीतीने, वस्ती आणि कुंभारकाम दोन्ही बेटाच्या आतल्या भागात होते. एकोणिसाव्या शतकात समुद्र निर्धोक झाल्यावर कुंभार किनाऱ्यावर उतरले. मडक्यांसारखा जड आणि ठिसूळ माल डोंगरवाटेने खेचरांच्या पाठीवरून नेण्यापेक्षा भट्टीतून काढून थेट गलबतात भरणे केव्हाही सोयीचे. वाथीच्या खाडीपर्यंत मोटाररस्ता पोहोचला तो १९९०च्या दशकात. तोवर तेथे जायचे ते होडीने किंवा पायी.

सिफ्नोसचे नाव झाले ते स्वयंपाकाच्या भांड्यांमुळे. विस्तवावर ठेवलेले मातीचे भांडे तडकते, कारण त्याचा तळ झपाट्याने तापून प्रसरण पावतो आणि वरचा भाग तुलनेने थंडच राहतो. माती अगदी बारीक, एकजीव असेल, तर पडलेली चीर विनासायास आरपार जाते. भरड कण मिसळलेल्या मातीत तीच चीर कणाकणापाशी अडते, वळते आणि थांबते. गुळगुळीतपणाचा मोह सोडून चुलीवरच्या भांड्यासाठी कुंभार जाडीभरडी माती का निवडतो, याचे उत्तर येथे आहे. सिफ्नोसच्या मातीने हा गुण सिद्ध केला आणि तिची भांडी एजियन समुद्रातील बेटाबेटांवर पोहोचली.

समुद्राने बाजारपेठ दिली, तशी कामाला शिस्तही लावली. मडकी उन्हात वाळवायची, त्यामुळे काम मुख्यतः वसंतापासून शरदापर्यंत. ओल्या हिवाळ्यात चाक थंडावे. ऐन उन्हाळ्यात ‘मेल्तेमी’ हा उत्तरेचा कोरडा वारा सुटतो. त्याच्या झोतात भांड्याची एक बाजू आधी सुकून आकसते आणि भट्टी पाहण्यापूर्वीच ते फुटते. म्हणून ताजी भांडी आडोशाला ठेवायची, फिरवत राहायची. जुन्या भट्ट्या दुमजली असत. खाली रानातल्या झुडपांचे सरपण, वर भांड्यांची रास. आच हळूहळू चढवावी लागे; घाईने भांड्यात उरलेल्या ओलाव्याची वाफ होऊन एका रात्रीत महिन्याची मेहनत मातीमोल होण्याचा धोका असे. आता बहुतेक ठिकाणी विजेच्या वा गॅसच्या भट्ट्या आहेत. त्यांत हे नियंत्रण सोपे झाले आहे.

बेट लहान आणि कुंभार अधिक, म्हणून अनेकांनी ग्रीसच्या इतर भागांत जाऊन चाके मांडली. अथेन्सजवळच्या मारूसीतील कुंभारकामात सिफ्नोसकरांचा मोठा वाटा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आले, नळाचे पाणी आले. पाण्याच्या घागरी आणि तेलाचे रांजण यांची गरज सरली, कार्यशाळा एकेक करून बंद पडल्या. ज्या टिकल्या, त्यांना तारले पर्यटकांनी. पूर्वी माल समुद्रापार जाई, आता गिऱ्हाईक समुद्र ओलांडून येते आणि तेही मुख्यतः उन्हाळ्यात.

या बदलाची किंमतही आहे. विमानाच्या सामानात मावेल अशी वाटी, कप, शोभेची बशी यांना उठाव असतो. मोठा रांजण घडवण्याचे कसब मात्र मागणीअभावी हातातून निसटू शकते. बापाकडून मुलाकडे आलेली ही विद्या पुस्तकात उतरत नाही. त्यामुळे जुन्या घराण्यांतील जे तरुण आज चाकावर बसतात, त्यांना खपाचे आणि परंपरेचे असे दोन हिशेब एकाच वेळी सांभाळावे लागतात.

तरीही एका भांड्याला बेटावर पर्याय मिळालेला नाही. ‘स्केपास्तारिया’ या झाकणाच्या हंडीत काबुली चणे, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून ती शनिवारी संध्याकाळी लाकडाच्या भट्टीत ठेवतात. रात्रभर मंद आचेवर शिजलेली ही ‘रेविथाडा’ रविवारी, चर्चमधील प्रार्थना आटोपल्यावर, जेवणाच्या पानावर येते. ईस्टरला ‘मास्तेलो’ नावाच्या भांड्यात वाइन आणि शेपू घातलेले कोकराचे मांस शिजते आणि त्या पदार्थालाही भांड्याचेच नाव आहे.