चार मिनिटांचं आरमार

‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका आपल्या नौदलात १९६१मध्ये दाखल झाली. १९७१च्या युद्धात तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. २०१४मध्ये ती भंगारात निघाली, तेव्हा आकुर्डीच्या बजाज ऑटोने तिचं पोलाद घेतलं आणि २०१६च्या ‘व्ही’ मोटारसायकलमध्ये वापरलं. पोलाद वितळवून पुन्हा कामाला येतं. नौदल अधिकाऱ्यांनी हौसेने चित्रित केलेली रिळं मात्र एकदा गेली की गेलीच!

चित्रीकरणाचा हा छंद आवाक्यात आला १९२३मध्ये, कोडॅकच्या १६ मिमी फिल्ममुळे. थिएटरातली ३५ मिमी नायट्रेट फिल्म भडकन पेट घ्यायची. ही ॲसिटेटची, सहज न पेटणारी. दारूगोळा भरलेल्या जहाजावर हे महत्त्वाचं! कॅमेरा चावीचा, आवाज नाही. शंभर फुटी रोलवर ४,००० चौकटी, सेकंदाला १६ धरल्या तर जेमतेम चार मिनिटं. त्यात बंदर, कवायत, डेकवरचे खेळ सगळं बसवायचं. हेच रीळ सेकंदाला २४ चौकटींनी चालवलं, की सगळे खलाशी दीडपट वेगाने पळू लागतात.

हौशी कॅमेऱ्याने युद्धही टिपलं. ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बर. ‘सोलेस’ या इस्पितळ-जहाजावरचे नौदल डॉक्टर एरिक हाकेनसन फिल्म काढत असतानाच समोर ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेचा स्फोट झाला. ‘ॲरिझोना’वरचे १,१७७ जण गेले. काही सेकंदांचं ते चित्रण आजही अंगावर येतं.

माउंटबॅटन हेही नौदलातलेच आणि सिनेमावेडे. १९२२मध्ये मधुचंद्राला हॉलिवूडला गेले, तर खुद्द चॅप्लिनने त्यांना घेऊन एक घरगुती लघुपट काढला.

१९६५मध्ये सुपर ८ आली: काडतूस कॅमेऱ्यात टाका, ३ मिनिटं २० सेकंद चित्रण करा. १९७१च्या पिढीच्या हाती हा कॅमेरा येऊ शकत होता.

निगडी-प्राधिकरणात कुणा निवृत्त नौसैनिकाच्या ट्रंकेत अशा रिळांचा डबा असेल, तर आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट आला तर फिल्म कुजायला लागली आहे. ती बाकीच्या रिळांपासून वेगळी ठेवा, जुन्या प्रोजेक्टरवर मुळीच चढवू नका. १९६४पासूनचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे, तिथे विचारा. आणि डब्यावर जहाज, बंदर, साल आजच लिहून घ्या. रीळ मुकं आहे, आणि त्यातले चेहरे ओळखणारे काका आता ऐंशीच्या घरात आहेत.