मेटा टॅग आणि शोधयंत्र : विधान, विनंती व आज्ञा

छापील ग्रंथात मुखपृष्ठानंतर एक पान असे असते की, सामान्य वाचक ते वाचण्यासाठी सहसा थांबत नाही. ग्रंथनाम, प्रकाशक, आवृत्ती, प्रकाशनवर्ष इत्यादी तपशील त्यावर असतो आणि त्याचा खरा वाचक ग्रंथपाल होय. संकेतस्थळावरील पानालाही असाच एक भाग असतो. एचटीएमएल लिखाणाच्या आरंभी ‘हेड’ नावाच्या विभागात जे मेटा टॅग लिहिले जातात, ते पडद्यावर उमटत नाहीत. शोधयंत्राचा क्रॉलर मात्र ते वाचतो. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीएमएल २.० च्या विनिर्देशातच ‘मेटा’ या घटकाची व्याख्या आढळते.

रोमान याकोबसन यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात भाषेची जी सहा कार्ये सांगितली, त्यांपैकी एक म्हणजे भाषेविषयी बोलणे. मेटा टॅग हेही मजकुराविषयीचेच वचन आहे. तथापि सर्व मेटा टॅग एकाच जातीचे नाहीत. काही विधाने आहेत, काही विनंत्या, तर काही आज्ञा. हा भेद ध्यानात घेतला म्हणजे शोधयंत्र कोणता टॅग मानते, कोणता टाळते आणि का, याचा उलगडा होतो.

प्रथम विधानांचा विचार करू. ‘कीवर्ड्स’ या टॅगमध्ये पानाचा विषय दर्शविणारे शब्द लिहिण्याची प्रथा होती. आरंभीच्या शोधयंत्रांपैकी काहींनी त्यावर विश्वास ठेवला. परंतु असे विधान करण्यास काहीच किंमत मोजावी लागत नाही. ते खोटे असले तरी वाचकाला दिसत नाही. लाभ मात्र मोठा. परिणामी पानात ज्यांचा मागमूसही नाही, असे शब्द टॅगमध्ये भरले जाऊ लागले आणि त्याची पत गेली. क्रमवारी ठरविताना हा टॅग विचारात घेतला जात नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर केले. तरीही अनेक संकेतस्थळांवर तो आजही निष्ठेने भरला जातो, हे श्रम गूगलपुरते तरी व्यर्थ होत.

दुसरा प्रकार विनंतीचा. ‘डिस्क्रिप्शन’ या टॅगमधील सारांश शोधनिकालात शीर्षकाखाली दाखविला जावा, अशी लेखकाची अपेक्षा असते. ती मान्य करणे यंत्रावर बंधनकारक नाही. शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी पानातीलच एखादा उतारा अधिक जुळत असेल, तर यंत्र तो उतारा उचलते. या टॅगने क्रमवारीत स्थान वर सरकत नाही. परंतु निकाल पाहणारा ते पान उघडील की नाही, हे पुष्कळदा त्या दोन ओळींवर अवलंबून असते. म्हणूनच प्रत्येक पानाचा सारांश स्वतंत्र असावा. ‘टायटल’ हा घटक काटेकोरपणे मेटा टॅग नव्हे. पण निकालातील शीर्षक मुख्यत्वे त्यावरून घेतले जात असल्याने त्याचा विचार येथेच करणे युक्त ठरते.

तिसरा प्रकार आज्ञेचा. ‘रोबोट्स’ या टॅगमध्ये ‘नोइंडेक्स’ असे लिहिले असता पान सूचीत घेतले जात नाही. ‘नोस्निपेट’ असता उतारा दाखविला जात नाही. उताऱ्याची कमाल अक्षरसंख्या ठरविण्याची सोय गूगलने २०१९ मध्ये केली. आता प्रश्न असा की, विधानांवर अविश्वास दाखविणारे यंत्र आज्ञा का पाळते? ‘नोइंडेक्स’ लिहिणारा स्वतःचीच प्रसिद्धी गमावतो. स्वतःच्या तोट्याचे असत्य सांगण्यात कोणाचेही हित नसते. म्हणून ही आज्ञा विश्वासार्ह ठरते.

या आज्ञेबाबत एक चूक वारंवार घडते. ‘रोबोट्स डॉट टेक्स्ट’ या फाइलने क्रॉलरला पानावर येण्यास मनाई करावयाची आणि त्याच पानात ‘नोइंडेक्स’ही लिहावयाचे, हा विरोध आहे. दारच बंद असल्याने आतील पाटी वाचलीच जात नाही, आणि अन्य पानांवरील दुव्यांमुळे तो पत्ता निकालात दिसू शकतो. पीडीएफ फाइलीत हा टॅग लिहिता येत नाही. तेथे तीच आज्ञा सर्व्हरने ‘एक्स-रोबोट्स-टॅग’ या शीर्षओळीतून द्यावी लागते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. पानाची भाषा दर्शविणारा ‘लँग’ हा गुणधर्म दृष्टिहीनांसाठी पान वाचून दाखविणाऱ्या साधनांना उपयुक्त आहे. गूगल मात्र भाषेचा निर्णय दृश्य मजकुरावरूनच करते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलिखित केलेले मराठी लेखन पडद्यावर देवनागरी दिसले, तरी त्यामागील संकेत रोमन अक्षरांचेच असत. अशा लेखनाला कोणताही टॅग तारू शकत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे हाच उपाय.

विद्यापीठीय लेखनासाठी सर्वांत महत्त्वाचे टॅग निराळेच आहेत. नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झालेले गूगल स्कॉलर लेखाचे शीर्षक, लेखकनाम, प्रकाशनदिनांक, नियतकालिकाचे नाव आणि पीडीएफचा पत्ता ‘सायटेशन’ या शब्दाने आरंभ होणाऱ्या टॅगांवरून घेते. १९९५ मध्ये ओहायोतील डब्लिन येथे ज्याचा पाया घातला गेला, त्या डब्लिन कोअर पद्धतीचे टॅगही चालतात. पण त्यांत नियतकालिकाचे नाव, खंड, अंक व पृष्ठे यांसाठी निःसंदिग्ध जागा नसल्याने तो शेवटचा पर्याय मानावा, अशी स्कॉलरची सूचना आहे. टॅग मुळीच नसतील, तर यंत्र अक्षरांच्या आकारावरून शीर्षक व लेखक यांचा तर्क करते. हा तर्क चुकला की एकाचे लेखन दुसऱ्याच्या नावे किंवा भलत्याच शीर्षकाने नोंदले जाण्याचा संभव असतो.

प्रत्येक लेख स्वतंत्र फाइलीत असावा, अशीही स्कॉलरची अट आहे. संशोधनपत्रिकेचा संपूर्ण अंक एकाच पीडीएफमध्ये चढविला, तर त्यातील लेख सुटे नोंदले जाण्याचा मार्गच खुंटतो. अंकाच्या छायाप्रतीच चढविल्या असतील आणि त्यांतील अक्षरे यंत्राला वाचता येत नसतील, तर शोधण्याजोगा मजकूरच उरत नाही. असा लेख उपलब्ध असूनही अनुपलब्धच ठरतो, आणि पुढील संशोधक त्याच विषयावर पूर्वी काम झालेले नाही असे समजून लिहू लागतो. मराठीत संशोधन होत नाही, अशी जी तक्रार ऐकू येते, तिचा काही अंश तरी संशोधनाच्या अभावातून नव्हे, तर नोंदीच्या अभावातून निर्माण झाला असावा. नोंदीची ही उणीव दूर करण्यास प्रत्येक लेखामागे चार-पाच ओळी पुरतात. त्या लिहिण्याचे काम मात्र अंक प्रकाशित करणाऱ्यांनीच करावयाचे आहे.