बॅग भरण्याआधी पंचांग

वडोदऱ्यात दिवाळीच्या सहलीचे दिवस आपण ठरवत नाही, ते ठरलेलेच असतात. पाडवा, म्हणजे इथलं बेसतुं वरस, ते लाभपाचम (कार्तिक शुद्ध पंचमी) या दिवसांत मंगळबाजार आणि मांडवीतली बरीच दुकानं बंद राहतात. पेढ्या उघडतात त्या लाभपाचमेच्या मुहूर्तावर. शाळांना एकवीस दिवसांची सुट्टी असतेच. दुकानदार, नोकरदार आणि शाळकरी पोरं एकाच वेळी मोकळी होतात ती याच आठवड्यात, म्हणून सगळं शहर एकदमच बाहेर पडतं. मराठी घरांना त्यात भाऊबीजही सांभाळायची असते. कुणी पुण्या-मुंबईच्या भावाकडे भाऊबीज करून पुढे कोकणात उतरतं, कुणी इथली ओवाळणी आटोपून त्याच रात्रीची गाडी धरतं.

तारखा इतक्या पक्क्या असताना तयारी मात्र नरकचतुर्दशीच्या रात्री सुरू होते, हे मला पटत नाही. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. आता हिशेब करा. गणेशचतुर्थी ते पाडवा हे अंतर साधारण ५६ दिवसांचं (मध्ये अधिक आश्विन आला, जसा २०२० साली आला होता, तर महिनाभर जास्त). म्हणजे पाडव्याच्या गाडीचं आरक्षण पिठोरी अमावास्येच्या सुमाराला उघडतं, भाऊबीजेचं हरतालिकेच्या दोनेक दिवस आधी, आणि लाभपाचमेच्या परतीचं जवळजवळ गणेशचतुर्थीलाच. २०२५ मध्ये पाडवा २२ ऑक्टोबरला होता, त्याचं आरक्षण २३ ऑगस्टला खुलं झालं. लाभपाचम २६ ऑक्टोबरला, आणि बरोबर ६० दिवस आधी, २७ ऑगस्टला, घरोघरी गणपती बसत होते. सकाळी आठला खिडकी उघडते, त्याच वेळी घरात मखराची आणि मोदकांची घाई! त्या सकाळी तिकिटाचं काम कुणाकडे, हे आदल्या दिवशी ठरलेलं हवं. त्याचं खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हेही तेव्हाच बघून ठेवावं. आरक्षण उघडल्यानंतर सुरुवातीच्या वेळात आता आधार पडताळलेल्या खात्यांनाच ऑनलाइन तिकीट मिळतं. तत्काळच्या भरवशावर चार-पाच माणसांचं कुटुंब नेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

तिकिटं हातात आली की पितृपक्षाचा पंधरवडा येतो. पुष्कळ घरांत तेव्हा नवी खरेदी होत नाही. मग दुरुस्त्या कराव्यात. माळ्यावरच्या बॅगा उतरवून उन्हात ठेवा, चेन ओढून पाहा, चाकं फिरवून पाहा. तुटकी चेन पितृपक्षात आरामात बसवून मिळते, धनत्रयोदशीला त्याच कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. मुलांचे बूट, चष्म्याची काडी, आजोबांच्या काठीचं रबर यांकडेही तेव्हाच बघावं. त्यानंतर नवरात्र. वडोदऱ्यात गरब्याच्या त्या रात्रींत कुणाकडून काही होईल ही आशा धरू नये.

कोजागरीनंतर प्रवासाचे कपडे बाहेर काढावेत. आपल्याकडे इस्त्रीवाले, धोबी आणि शिंपी पाडव्याच्या आधीच गावाला जातात, अनेक दवाखानेही लाभपाचमेपर्यंत बंद असतात. त्यामुळे इस्त्रीचे कपडे वसुबारसेपर्यंत घरात यायला हवेत. ज्येष्ठांची तपासणी करून घेणं आणि रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या प्रवासाचे सगळे दिवस आणि वर आठवडाभर पुरतील एवढ्या भरून ठेवणं त्याहून निकडीचं. गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी आणि मूळ ओळखपत्रं खांद्यावरच्या पिशवीत ठेवावीत, मोठ्या बॅगेत कधीच नाही.

बॅगा किती घ्यायच्या, हा प्रश्न घरात नेहमी कपड्यांवरून सुटतो. तो हातांवरून सुटला पाहिजे. रेल्वे शयनयान आणि थ्री टायर एसीत माणशी ४० किलो सामान नेऊ देते, पण ते ४० किलो उचलणार कोण? गुजरातहून कोकणात जाणाऱ्या गाड्या वसई रोडवरून पनवेलकडे वळतात. पुढच्या स्टेशनांवर गाडी जेमतेम काही मिनिटं थांबते, तीही पुष्कळदा अडनिड्या वेळी. झोपलेलं पोर एका कडेवर, आजीचा हात दुसऱ्या हातात, अशा वेळी एकमेव अवजड बॅग दारातच अडते. धडधाकट माणशी एक मध्यम बॅग, दहा वर्षांवरच्या मुलाला त्याची स्वतःची सॅक, आजी-आजोबांचे हात रिकामे, ही वाटणी मला सर्वांत बरी वाटते. आणि प्रत्येक बॅगेत दुसऱ्या कुणाचा तरी एक जोड असू द्यावा. एखादी बॅग गहाळ झाली तरी अंगावरच्या कपड्यांवर दिवस काढावे लागत नाहीत.

खाण्याच्या पिशवीकडे मात्र मन लावून बघायला हवं, कारण दिवाळीत घरात फराळ भरपूर असतो आणि त्यातला निम्मा प्रवासाच्या कामाचा नसतो. करंज्या फुटतात, अनारशांचा चुरा होतो. चकल्या आणि शंकरपाळे टिकतात, बडोद्याची कोरडी भाकरवडीही टिकते. लीलो चेवडो ओलसर असतो, तो पहिल्याच रात्री संपवावा. जेवणाला दशमीसारखं दुसरं काही नाही. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, मोहन सढळ घालायचं, आणि तव्यावरून उतरली की लगेच एकावर एक रचायची नाही. सुती फडक्यावर सुटी पसरून पूर्ण गार होऊ द्यायची. वाफ डब्यात कोंडली की उत्तम दशमीही दुसऱ्या दिवशी चिकट होते, चव उतरते. सोबत लसणाची कोरडी चटणी आणि गुळाचा खडा असला की दोन वेळा निभावतात.

घर बंद करताना एरवी आपण गॅस आणि नळ बघतो. या आठवड्यात फटाकेही बघावे लागतात. बेसतुं वरसाच्या पहाटे दारावर सबरस (शकुनाचं मीठ) घेतलं, शेजारच्या काका-काकींना साल मुबारक केलं आणि निघालो, तरी शहरात बाण उडतच असतात. गच्चीवरचे कपडे, गॅलरीतले पुठ्ठ्याचे खोके आणि रद्दी आत घ्यावी, आकाशकंदील उतरवावा, खिडक्या लावाव्यात, शेवटची पणती स्वतः विझवावी. किल्ली आणि तुळस शेजाऱ्यांकडे सोपवताना ते स्वतः कधी निघणार आहेत, हे विचारून घ्यावं. या दिवसांत तेही बहुधा गावाला जाणारच असतात.

आता कळकळीचं सांगणं. साफसफाई, फराळ, पाहुणे आणि सगळ्यांच्या बॅगा, हे चारही एकाच आठवड्यात येतं आणि बहुतेक घरांत एकाच बाईच्या अंगावर पडतं. गाडीत बसल्यावर ती पहिली रात्र थकव्यानेच काढते, आणि सुट्टी तिचीही असते. म्हणून गणपती बसायच्या आत घरातल्यांनी एकत्र बसून नावानिशी कामं वाटून घ्या, आणि फराळ ज्या हातांनी केला त्या हातांना बॅगा भरायला लावू नका.