अग्रोच्या खोऱ्यातले नॉर्मन चर्च

नॉर्मन म्हटले की 1066 ची इंग्लंडमधली लढाई आठवते. पण याच नॉर्मनांची दुसरी फळी त्याच सुमारास सिसिली बेटावर उतरली होती. 1061 मध्ये मेसिना, 1072 मध्ये पालेर्मो आणि 1091 पर्यंत सारे बेट त्यांच्या हाती आले. त्याआधी 827 पासून तिथे अरबांनी पाय रोवले होते. मात्र बेटाच्या ईशान्य डोंगराळ भागात ग्रीक बोलणारे ख्रिस्ती टिकून राहिले. अरब, ग्रीक आणि नॉर्मन अशी तिन्ही माणसे एका बेटावर होती.

पालेर्मोच्या शाही चॅपेलचे फोटो पुष्कळ छापून येतात. मला मात्र मेसिना आणि तावोर्मिना यांच्यामधल्या कासालवेक्यो गावाजवळचे, अग्रो नदीच्या खोऱ्यातले संत पीटर आणि पॉल यांचे चर्च अधिक बोलके वाटते. 1116 मध्ये रॉजर दुसरा याने गेरासिमोस नावाच्या ग्रीक साधूला मठासाठी सनद दिली. 1169 मध्ये पूर्व सिसिलीत मोठा भूकंप झाला. आज उभी असलेली वास्तू त्यानंतरच्या जीर्णोद्धाराची. दरवाजावरच्या दगडात ग्रीक लेख आहे. त्यात मठाधिपतीचे नाव आहे, गेरार्ड फ्रँक या मुख्य कारागिराचे आहे आणि वर्ष 6680 आहे. ग्रीक लोक जगाच्या निर्मितीपासून वर्षे मोजत. आपल्या हिशेबाने ते 1171-72, म्हणजे हिजरी 567. त्याच हिजरी वर्षाच्या मुहर्रममध्ये काहिऱ्यात फातिमी खिलाफत संपली.

बाहेरून पाहिले तर किल्ला वाटावा. वर कंगोरे, पुढे दोन बुरुज, भिंती जाड. पण भिंतीत वीट, काळा लाव्हा आणि पांढरा चुनखडक अशा रंगांच्या पट्ट्या आहेत आणि एकमेकींत गुंफलेल्या कमानींची रांग सगळीकडे फिरते. घुमट दोन आहेत. चौकोनी खोलीवर गोल घुमट बसवायचा तर कोपऱ्यांचे काय करायचे, हा जुना प्रश्न. इथे कोपऱ्यांत लहान लहान कमानी एकीवर एक पुढे सरकवत चौकोन हळूहळू गोल केला आहे. ही युक्ती मुस्लिम देशांतल्या मशिदी आणि मकबऱ्यांमधून ओळखीची आहे. लेखात गेरार्डशिवाय दुसऱ्या कारागिराचे नाव नाही. दगड कोणी रचले हे भिंतीच सांगतात, तेवढेच.

एवढे वाचून कोणी म्हणेल, किती सलोखा! थोडे थांबावे. या चर्चला बारा-तेरा वर्षे झाली असताना, डिसेंबर 1184 मध्ये, हजहून परतणारा अंदलुसचा प्रवासी इब्न जुबैर याचे जहाज मेसिनाजवळ फुटले. राजा विल्यम दुसरा अरबी वाचतो आणि लिहितो, त्याच्या पदरी मुसलमान नोकर आहेत, पालेर्मोत मशिदी आणि अजान आहे, हे सगळे त्याने नोंदवले. नाताळला चर्चला जाणाऱ्या ख्रिस्ती बायकांचा पेहराव मुसलमान बायकांसारखाच होता, हेही. पण ट्रापानीतली एक गोष्ट विसरता येत नाही. तिथल्या एका प्रतिष्ठित माणसाने मुलाकरवी एका हाजीला निरोप पाठवला: माझी मुलगी घेऊन जा, तुम्हाला पसंत पडली तर तुम्ही निकाह करा, नाहीतर तुमच्या मुलखात कोणा योग्य माणसाशी लावून द्या. मुलगीही तयार होती. तिथल्या मुसलमानांच्या नशिबी पुढे काय वाढून ठेवले आहे, याची बापाला चिंता होती. लेकीला समुद्रापार देऊन टाकायला बाप राजी होतो, तेव्हा घरात किती भीती असेल?

भीती खरी ठरली. 1220 च्या दशकापासून सम्राट फ्रेडरिक दुसरा याने सिसिलीतले मुसलमान उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा इथे वसवले. 1300 मध्ये ती वस्तीही मोडली, पुष्कळांना गुलाम म्हणून विकले.

अग्रोच्या खोऱ्यातले ते कोपरे आजही घुमटाचा भार वाहत उभे आहेत.