जहाज आहे, माणसं कुठायत?

रिकामं जहाज म्हटलं की आपल्याला लगेच भूतबित, बर्म्युडा ट्रँगल वगैरे आठवतं. पण बॉस, असं एक जहाज थेट आपल्या जुहूच्या किनाऱ्याला येऊन लागलं होतं! तारीख ३१ जुलै २०११. नाव 'पवित'. आत चिटपाखरू नाही. महिनाभर आधी ओमानजवळ इंजिनरूममध्ये पाणी शिरलं, जहाज बुडणार म्हणून खलाशी उतरले आणि त्यांची सुटकाही झाली. जहाज मात्र बुडलंच नाही. ऐन पावसाळ्यात एकटंच अरबी समुद्र ओलांडून मुंबईत हजर! तेव्हा मी शाळेत होते. रिकाम्या जहाजांचं वेड लागलं ते तेव्हापासून.

या सगळ्यांत सुपरस्टार म्हणजे 'मेरी सेलेस्ट'. ७ नोव्हेंबर १८७२ ला हे शिडाचं जहाज न्यूयॉर्कहून इटलीतल्या जिनोव्हाला निघालं. पोटात अल्कोहोलची १,७०१ पिंपं. कॅप्टन बेंजामिन ब्रिग्ज, बायको सारा, दोन वर्षांची सोफिया आणि सात खलाशी. डिसेंबरच्या सुरुवातीला अझोर्स बेटांपलीकडे ते दुसऱ्या एका जहाजाला भरकटताना दिसलं. खाणंपिणं शाबूत, माल जवळपास जसाच्या तसा. माणसं आणि छोटी होडी, दोन्ही गायब!

मग काय, अफवांना ऊत. १८८४ मध्ये शेरलॉक होम्सवाल्या कॉनन डॉयलने यावर कथा लिहून आणखी तडका दिला. मला मात्र दोन साध्या गोष्टी जास्त बोलक्या वाटतात. एक पंप खोलून ठेवलेला होता आणि तळातलं पाणी मोजायची सळई डेकवर पडलेली होती. लॉगमधली शेवटची नोंद २५ नोव्हेंबरची, सांता मारिया बेटाजवळची. म्हणजे किती पाणी शिरलंय याचा अंदाज चुकला असेल, जमीन जवळ दिसली असेल आणि कॅप्टनने सगळ्यांना होडीत उतरवलं असेल. पिंपांमधली वाफ पेटेल अशी भीती वाटली असावी, असंही काही अभ्यासक म्हणतात.

थोडक्यात, 'पवित'वर झालं तेच. जहाज बुडणार असं वाटलं आणि ते तरलं. फरक एवढाच, की २०११ मध्ये हाक ऐकून धावून येणारं कुणीतरी होतं. १८७२ मध्ये त्या होडीकडे ना रेडिओ होता, ना सिग्नल. ती दहा माणसं पुन्हा कुणालाच दिसली नाहीत.

भुताच्या गोष्टी वाचायला मजा येते, मान्य. पण आपलं भलंचंगं जहाज शिडं फुगवून लांब जाताना त्या होडीतून बघणं, यापेक्षा भीतिदायक काय असेल?