शुगर असेल तर क्रिएटिनिनवर थांबू नका

मांजरसुंब्याला घरी गेलो की बाबा बीडच्या लॅबचा रिपोर्ट पुढे करतात: "क्रिएटिनिन नॉर्मल आहे बघ." गडबड इथेच होते. किडनीतल्या काही गाळण्या बंद पडल्या तरी उरलेल्या त्यांचा लोड उचलतात, अगदी सर्व्हरसारखं. त्यामुळे क्रिएटिनिन बराच काळ नॉर्मलच दिसतं.

टाइप २ डायबिटीसमध्ये पहिली खूण बहुतेकदा लघवीत सापडते. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन गळायला लागतं. दुखत काहीच नाही. फेस, पायांवर सूज हे सगळं नंतर. म्हणून लघवीची 'एसीआर' टेस्ट. ३० मिलिग्रॅम प्रति ग्रॅमच्या आत ठीक, ३० ते ३०० म्हणजे सुरुवात. ताप किंवा इन्फेक्शन असेल तर आकडा उगाच वाढतो; म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आला तरच पक्कं धरतात. सोबत रक्तावरून ईजीएफआर.

स्मार्टवॉचला यातलं काही कळत नाही. कॅमेऱ्याने लघवीची पट्टी वाचणाऱ्या एका ॲपला अमेरिकेत २०२२ मध्ये मंजुरी मिळाली, पण पट्टी तिथेही भिजवावी लागतेच! आपल्या फोनचं काम साधं आहे: निदान झालं त्या वर्षापासून दरवर्षी एसीआरचा रिमाइंडर. बाबांच्या फोनमध्ये मी तो लावलाय, आणि माझ्याही.